'झोंबी' : मुलांच्या हाती आणि वडिलांच्या हाती

काही पुस्तकांच्या नशिबी असे येते की, लोक ती वाचण्याऐवजी एकमेकांना दाखवूच लागतात. आनंद यादवांची 'झोंबी' ही त्यांतलीच एक. १९८७ साली हे आत्मकथन प्रसिद्ध झाले, १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यातला एक भाग 'जूझ' ह्या नावाने हिंदीत जाऊन बारावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरच्या मुलांपर्यंत पोचला. एखाद्या मराठी पुस्तकाला ह्याहून अधिक मान तो कोणता मिळायचा? पण आमच्या कोल्हापुरात, जिथे ह्या पुस्तकाला घरचेच पुस्तक म्हणायला हवे, तिथे त्याचा एक निराळा उपयोग होताना मी पाहत आलो आहे. सहामाहीत गुण कमी पडले, मुलगा अबोल झाला किंवा मुलीने 'मला आता झेपत नाही' असे म्हटले, की वडीलमंडळींना 'झोंबी'ची आठवण होते. 'बघ, त्या पोराला शाळेचे दार दिसत नव्हते, तरी तो शिकला. तुला सगळे आयते मिळते, आणि तुला म्हणे टेन्शन येते!' पुस्तक हातात असते खरे, पण ते धरण्याची रीत छडी धरण्याची असते.

माझे म्हणणे असे की, 'झोंबी'चे हे वाचन चुकीचे आहे. ते मुलांवर अन्याय करणारे आहे आणि यादवांवरही. एकट्या पोराने दात-ओठ खाऊन संकटांवर मात केल्याची कथा म्हणून हे पुस्तक प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात एका पोराच्या पाठीशी वेळोवेळी कोण कोण उभे राहिले, आणि त्या आधारावर त्याने स्वतःचे असे काय उभे केले, ह्याची ही कथा आहे. हा भेद केवळ समीक्षकांच्या कामाचा नाही. मुलांना ताण सोसायला कसे शिकवावे, हा प्रश्न आज घराघरांत उभा असताना ह्या दोन वाचनांपैकी आपण कोणते पत्करतो, ह्यावर बरेच काही अवलंबून आहे.

कागल हे कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने वीसेक किलोमीटरवरचे गाव. यादव तिथले, जन्म १९३५ चा. 'झोंबी' हा शब्दही ह्याच मातीतला. दोन मल्ल एकमेकांना भिडतात ती झोंबी. राजर्षी शाहूंनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे कोशात बघावा लागत नाही. मात्र बाहेरून बघणाराला झोंबी म्हणजे दोन अंगांची झटापट दिसते. तालमीत गेलेल्याला तिच्याआधीचेही ठाऊक असते. आखाड्यातली लाल माती अशीच पडून राहिलेली नसते. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल घालतात. ती वरचेवर खणून, उकरून मऊ ठेवतात. का? तर पडणाराचे हाड मोडू नये म्हणून. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी मैदानात उतरवीत नाही. तो रोज पडतो, रोज उठतो, आणि पडणे ही काही जगबुडी नव्हे एवढे त्याच्या अंगात मुरते. यादवांनी आपल्या पुस्तकाला हे नाव दिले, तेव्हा ह्या अर्थाच्या किती छटा त्यांच्या मनात होत्या, हे मी सांगणार नाही. पण पुस्तक वाचताना त्या मातीकडेही बघायला हवे, नुसत्या मल्लाकडे बघून भागणार नाही.

आता कथेकडे वळू. वडिलांनी पोराला शाळेतून काढून मळ्यात घातले आहे. दिवाळी होऊन गेलेली आहे. आपल्याकडे ह्या दिवसांत उसाची गुऱ्हाळे पेटतात. वडिलांनी चांगल्या भावाच्या आशेने गावाच्या आधी गुऱ्हाळ लावून उरकलेही आहे. कामाचा जोर ओसरलेला बघून पोरगा आईजवळ शाळेचा विषय काढतो. पोराच्या मनातले दुःख आईला कळते, पण नवऱ्यापुढे आपला शब्द चालणार नाही हेही तिला पक्के ठाऊक आहे. इथे बहुतेक कथांत आई पदराने डोळे पुसते आणि प्रकरण संपते. 'झोंबी'तली आई तसे करीत नाही. ती पोराला घेऊन रात्री गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे, जाते. नवऱ्याचे सगळे वागणे त्यांच्या कानांवर घालते, आणि आपण येऊन गेल्याचे त्याला कळू देऊ नका, अशी विनंतीही करते. देसाई वडिलांना बोलावून घेतात. पोरगा ठरल्याप्रमाणे काहीतरी निमित्ताने तिथे पोचतो. देसाई त्याच्यादेखत वडिलांची चांगली कानउघाडणी करतात आणि पोराला, वेळ पडली तर तुझी फी मी भरीन, असे सांगतात.

हा प्रसंग वाचून बहुतेकांना गंमत वाटते, आणि तो आहेही गमतीचा. पण त्यातले शहाणपण बघा. पोरावर दाब आहे तो घरातून आहे. आईने पोराला 'धीर धर, मन घट्ट कर' असे सांगितलेले नाही. जिथून दाब येतो तिथे कोणाचा शब्द चालतो, हे तिने ओळखले आणि त्या माणसाला मधे घातले. अडाणी म्हणून जिची गणना व्हायची त्या बाईने जे केले, ते आजच्या कित्येक शिकलेल्या घरांत होत नाही. आजही मुलावरचा दाब पुष्कळदा घरातूनच असतो, आणि घरातलेच लोक मुलाला तो सोसण्याचे उपाय सांगत असतात. दाबणाराने दाबल्या जाणाराला श्वास कसा घ्यावा हे शिकवावे, तसाच हा प्रकार.

वडील कबूल होतात, पण अटी घालून. सकाळी उठून मळ्यात जायचे, अकरापर्यंत पाणी पाजायचे, तिथूनच शाळेला जायचे. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून तासभर गुरे चारायची. मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही. पोरगा सगळ्याला हो म्हणतो. म्हणजे शाळा मिळाली तरी ओझे उतरलेले नाही. उलट दुप्पट झाले आहे. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे जे घडते ते ओझे कमी झाल्यामुळे घडत नाही.

शाळेतला पहिला दिवस तर मानहानीचाच आहे. बरोबरीची पोरे पुढच्या वर्गात गेलेली, वर्गात सगळी लहान आणि अनोळखी पोरे, आणि त्यांत एक वात्रट पोरगा ह्याच्या धोतराची, पटक्याची थट्टा मांडतो. पोरगा खट्टू होतो. उद्यापासून शाळाच नको, इथवर त्याच्या मनात येते. ज्या शाळेसाठी एवढी खटपट केली, तीच पहिल्या दिवशी नकोशी झाली! हे यादवांनी लपविलेले नाही, आणि इथेच मला त्यांच्या लेखणीचा खरेपणा दिसतो. प्रेरणादायी म्हणविणाऱ्या पुस्तकांतला नायक कधी मागे वळून बघत नाही. हा पोरगा बघतो, कारण तो खरा पोरगा आहे. तो टिकतो तो कशामुळे? आई त्याला टोपी आणि चड्डी आणून देते. मंत्री मास्तरांच्या धाकाने वर्ग ताळ्यावर असतो. वसंत पाटील नावाचा हुशार, शांत मुलगा गणिते चटचट सोडवतो, त्याचे बघून हा आपली वह्या-पुस्तके नीट ठेवू लागतो, मन लावून गणिते करू लागतो, आणि पुढे दोघांची दोस्ती होते. आणि मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारू लागतात. ह्या नावाने अशी आपुलकीची हाक फारशी कोणी मारलेली नव्हती. एक टोपी, एक दोस्त, एक हाक. बाहेरच्याला ह्या गोष्टी किरकोळ वाटतील, पण पोराच्या पायांखालची जमीन मऊ करणाऱ्या ह्याच गोष्टी आहेत.

पुस्तकाचा जीव मात्र न. वा. सौंदलगेकर ह्या मराठीच्या मास्तरांच्या प्रकरणात आहे. मास्तर कविता शिकवायचे ते गाऊन, चालीवर, हातवारे करून. अनेक कवींच्या आठवणी सांगायचे, स्वतःही कविता लिहायचे. आनंदा ते सगळे टिपून घेतो, आणि मळ्यात पाणी पाजताना त्या कविता मास्तरांसारख्याच मोठ्याने म्हणू लागतो. पुढे त्यांच्या चालीच बदलून बघतो. मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर मास्तरांनीच कविता केलेली तो बघतो, आणि एक नवा साक्षात्कार त्याला होतो : कवी म्हणजे कोणी निराळा प्राणी नसून आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मग आपल्या अवतीभवतीही वेल आहेत, पिके आहेत. तो कविता जुळवू लागतो. कागद-पेन्सिल जवळ नसेल तेव्हा काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, नाही तर खड्याने दगडावर लिहितो, आणि पाठ झाल्या की पुसून टाकतो. मग ती रचना मास्तरांना दाखवायची. मास्तर भाषा सुधारतात, छंद सांगतात, अलंकार समजावतात.

ह्या सगळ्यांत एक वाक्याएवढीच जागा व्यापणारी गोष्ट आहे, पण माझ्या मते ती साऱ्या पुस्तकाचे मर्म आहे. पूर्वी मळ्यात एकट्याने काम करताना आनंदाला एकटेपणा खायला उठत असे. कोणी बोलायला सोबत असावे असे वाटत असे. आता त्याला एकटेपणाच हवासा वाटू लागतो. कारण एकटे असले की मोठ्याने गाता येते, अभिनय करता येतो, प्रसंगी नाचताही येते. मळा तोच आहे, पाणी पाजणे तेच आहे, वडीलही तेच आहेत. ओझे तसूभरही हललेले नाही. पण त्या ओझ्याखाली उभा असलेला पोरगा बदलला आहे, कारण त्याच्याजवळ आता स्वतःचे असे एक काम आहे. ते काम त्याला कोणी गुणांसाठी दिलेले नाही, त्याची परीक्षा नाही, त्यात पहिला नंबर नाही. आणि ते दाखवायला एक माणूस आहे, जो ते मनापासून बघतो.

ह्या जागी मला आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. सौंदलगेकर मास्तर आनंदाच्या दुःखाविषयी त्याच्याशी बोलत नाहीत. त्याच्या घरच्या हलाखीचा ते कढ आणीत नाहीत, त्याला उपदेशाचे डोसही पाजत नाहीत. ते त्याला कविता शिकवतात, एवढेच. पण जे शिकवतात त्यात ते स्वतः रमलेले असतात. मास्तर रमलेला दिसला की मुलाला कळते की जगात रमण्यासारखे काहीतरी आहे. कुठल्याही समुपदेशनाच्या आधी मुलाला हे कळलेले असावे लागते.

हा योगायोग एकट्या कागलचा आहे का? अमेरिकन संशोधक एमी वर्नर ह्यांनी हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा अनेक दशके केला. दारिद्र्य, घरातली भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेली मुले त्यांनी वेगळी काढली. त्यांतली सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्ती, मायाळू, सुस्थिर माणसे झाली. ती कशामुळे तगली ह्याचा शोध घेताना पुनःपुन्हा एक गोष्ट पुढे आली : त्यांच्या आयुष्यात आईबाप, आजी, शेजारी किंवा शिक्षक असे निदान एक तरी वडीलधारे माणूस असे होते की ज्याने त्यांना मनापासून आपले म्हटले. त्याशिवाय बऱ्याच मुलांजवळ जीव रमवणारा एखादा छंदही होता. कवाईच्या त्या मुलांनी 'झोंबी' वाचलेली नाही आणि सौंदलगेकर मास्तरांनी वर्नरबाईंचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण दोन्हीकडची साक्ष एकच आहे.

मराठी वाचकाला ह्या विषयावरचे एक जुने उदाहरण लगेच आठवेल, ते 'श्यामची आई'तल्या पोहण्याचे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारीत विहिरीकडे नेते, आणि अखेर त्याला पाण्यात ढकलले जाते. 'मुलांना असेच घडवले पाहिजे' म्हणणारे लोक हा प्रसंग मोठ्या आवडीने सांगतात. पण ते अर्धाच सांगतात. विहिरीत पोहणारी जाणती माणसे होती. श्याम बुडणार नाही ह्याची सोय झाल्यावरच तो पाण्यात पडला. आणि नंतर तीच आई त्याला जवळ घेऊन दही देते, आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण हे केले असे त्याला समजावते. आजच्या काळात मारण्याचे समर्थन मी करणार नाही. मार हा त्या कथेतला उणा भाग आहे असेच मी म्हणेन. पण आमचे आजचे पालक त्या कथेतले मारणे आणि ढकलणे तेवढे घेतात. पाण्यातली माणसे आणि दही विसरतात. दहावी झाली की मुलाला नीटच्या नाही तर जेईईच्या शिकवणीत लोटायचे, आणि काठावर उभे राहून 'हात मार, हात मार' म्हणून ओरडायचे. पाण्यात कोण आहे?

चित्रपटांतूनही हा प्रश्न आलेला आहे. २०१० साली महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आला. क्रिकेटवेड्या मुलाला गुणांपायी बाप मारतो, त्या माराने मूल बेशुद्ध होऊन मृत्यूच्या दारात जाते, आणि मग बाप जागा होतो. चित्रपट मनाला चटका लावतो. कित्येक बाप थिएटरातून मान खाली घालून बाहेर पडले असतील. पण त्याचा सगळा रोख व्यवस्थेला जाब विचारण्यावर आहे, आणि मुलाने काय करायचे ह्याचे उत्तर त्यात फारसे नाही. त्या मानाने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा २००२ सालचा 'दहावी फ' मला अधिक मोलाचा वाटतो. गुणांवरून तुकड्या पाडणाऱ्या शाळेतली शेवटच्या तुकडीची मुले अपमानाने पेटून प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शिक्षक त्यांना पाठीशी घालीत नाही आणि टाकूनही देत नाही. झालेले नुकसान स्वतःच्या श्रमाने भरून काढण्याची वाट तो त्यांना दाखवतो. मुले कष्ट करून पैसे मिळवतात. राग वाईट आहे, तो गिळा, असे इथे कोणी म्हणत नाही. रागाला काम मिळते. आनंदाच्या एकटेपणाला कविता मिळाली तसेच हे. कलाकृती म्हणून 'झोंबी' कितीतरी वरची, कारण तिच्यात कोणी काही पटवून देत नाही. 'दहावी फ'मध्ये काही जागी पटवून देण्याची घाई जाणवते. पण दिशा एकच आहे.

आता ह्या कसोटीवर आजचे उपाय तपासू. परीक्षा जवळ आल्या की शाळांतून व्याख्याने होतात, पुस्तिका निघतात. त्यांत लिहिलेले असते : वेळापत्रक करा, पुरेशी झोप घ्या, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा. ह्यातले काही खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. झोप हवीच, हालचाल हवीच; संथ श्वासाने धडधडणारे काळीज खरोखर शांत होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात शाळांसाठी जी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत ताणाला तोंड देणे आणि भावनांना तोंड देणे ही दोन आहेतच. पण ह्या पुस्तिकांत सगळी क्रियापदे मुलासाठी असतात. तू कर, तू घे, तू टाळ. आईसाठी, बापासाठी, मास्तरांसाठी, शाळेसाठी त्यात क्रियापदच नसते. 'झोंबी'त बघा : आई जाते, देसाई बोलावतात, मास्तर हाक मारतात, सौंदलगेकर गातात. पोराच्या क्रियापदांना जोर येतो तो ह्या क्रियापदांमुळे.

'पण थोडा दाब नको का? दाबाशिवाय मूल अभ्यास करील का?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, काम सोपे असेल तर जास्त दाबाखालीही ते लवकर शिकले जाते. पण काम जितके अवघड, तितका कमी दाब त्याला मानवतो. माणसाचे मूल म्हणजे उंदीर नव्हे. पण निदान एवढे तरी ह्यातून घेता येईल की, अवघड गणिताच्या वेळी मुलाच्या मानेवर श्वास सोडीत उभे राहणे हे त्याच्या गणिताला मारक आहे. मुलाला दाब लागतो हे खरे. पण किती आणि कधी हे वस्तादाला कळते तसे आपल्याला कळले पाहिजे.

दुसरा आक्षेप ह्याहून वजनदार आहे. आनंदाची झोंबी शाळेत जाण्यासाठी होती; आजच्या मुलाची झोंबी शाळेतच आहे. त्याला शाळा म्हणजे सुटकेची वाट होती, आजच्या पुष्कळ मुलामुलींना तीच कोंडी वाटते. मग हे पुस्तक त्यांच्या काय कामाचे? मला वाटते, हा आक्षेप पुस्तकाच्या विषयाला लागू पडतो, मर्माला नाही. उलट आजच्या मुलाची अडचण अधिक नाजूक आहे. आनंदाजवळ हरण्यासारखे थोडे होते. आजच्या मुलाच्या खांद्यावर घराची सगळी स्वप्ने आहेत. त्याला परीक्षेतले अपयश म्हणजे प्रेम गमावणे वाटू लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र पहिला आहे. अशा मरणामागे एकच कारण क्वचितच असते. सगळ्यांचे खापर परीक्षेवर फोडता येणार नाही. पण सणाच्या दिवशीही हा आकडा लिहावा लागतो, कारण हा पहिला नंबर काही अभिमानाने मिरवण्याचा नव्हे. आपले मूल दिवसेंदिवस गप्प असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा करीत असेल, तर पुस्तके बाजूला ठेवावीत आणि जाणकाराकडे जावे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आनंदाच्या आईने देसायांचे दार ठोठावले, त्यात तिला लाज वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये.

'झोंबी'त उणे काही नाही असे नाही. पुस्तक लांबलेले आहे. कष्टांची आणि उपासमारीची वर्णने एकावर एक येतात तेव्हा वाचकाची दमछाक होते. दुसरे असे की, सगळे एका पोराच्या डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे बापाच्या बाजूला पुरेसे माप मिळत नाही. तोही कशाने तरी दबलेलाच होता. शेतीवर जगणारा माणूस पोराचे दोन हात गमवायला का तयार होत नाही, हे पुस्तकातून आपल्याला कळते, पण ते आपण कळून घ्यावे लागते. आणि सर्वांत मोठी बोच ही की, आनंदाला जे मास्तर मिळाले ते त्याच्यासारख्या सगळ्यांना मिळाले नाहीत. त्या काळी कागलच्या मळ्यांत पाणी पाजणारी आणखीही पोरे असतील. त्यांच्यात जिद्द नव्हती असे कोण म्हणेल? पण त्यांच्या नशिबी सौंदलगेकर नव्हते, म्हणून त्यांची पुस्तके झाली नाहीत. 'ज्याच्यात धमक असते तो तरतोच' असे म्हणणारांनी ह्या न लिहिलेल्या पुस्तकांचा विचार करावा. ह्याच कोल्हापुरात शाहूमहाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. मुलांच्या जिद्दीवर विसंबून ते स्वस्थ बसले नाहीत. जिद्दीला राहायला खोली लागते आणि पोटाला भाकरी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून ह्या दिवाळीत कोणाला पुस्तक भेट द्यायचे असेल तर 'झोंबी' जरूर द्यावी, पण मुलाच्या हाती देण्यापूर्वी ती बापाने आणि आईने वाचावी. वाचताना 'हा पोरगा किती सोसतो!' एवढ्यावर थांबू नये. आपल्या घरात ती रात्री दार ठोठावणारी आई कोण आहे, तो फी भरीन म्हणणारा शेजारी कोण आहे, गुण न विचारता वही बघणारा मास्तर कोण आहे, ह्याची मोजदाद करावी. आणि आपल्या मुलाजवळ असे एखादे काम आहे का बघावे, ज्याचे गुणपत्रक येत नाही : तबला असो, चित्र असो, आखाडा असो, किल्ला बांधणे असो. सुट्टीतले गृहपाठ संपवल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, असे सांगून आपण दिवाळीचा किल्लाही हिरावून घेतो, तेव्हा नेमके काय हिरावून घेतो ह्याचा विचार करावा.

आनंद यादव पुढे पुणे विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख झाले. 'गोतावळा', 'नटरंग' अशी त्यांची नावाजलेली पुस्तके झाली. २०१६ साली ते गेले. त्यांच्या यशाची ही यादी मुलांना ऐकवण्याची मला हौस नाही. म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळ ओढणारे ते पोर मोठेपणी कोणीच झाले नसते, तरीही मळ्यातली ती दुपार त्याने गात काढली होती, हे खरेच राहिले असते. मुलांना आपण एवढे दिले तरी पुष्कळ झाले.